सोमवारचा चहा

१

शिवरंजनीचा कर्जाचा अर्ज बाद झाला तो तिच्या आईच्या एका वाक्यामुळे. आणि ते वाक्य आपण बोललोच नाही, असं आईचं म्हणणं होतं.

वाक्य असं होतं, "पोरीचं लग्न ठरलंय, आमाला कर्ज नगं." मंडळाचा तपासनीस भागवत श्रावणातल्या सोमवारी त्यांच्या घरी गेला, आईनं त्याला हे सांगितलं, तो परत आला आणि अर्ज निकालात निघाला. आई म्हणते, सोमवारी आमच्या उंबऱ्यात कुणी आलंच नाही. दोघांतलं एक जण खोटं बोलत होतं. मंडळानं विश्वास कुणावर ठेवला हे सांगायला नकोच. एका बाजूला इस्त्रीच्या कपड्यातला आपला माणूस आणि दुसऱ्या बाजूला खेड्यातली विधवा. आमच्याकडं अशा प्रकरणात डोकं खर्च करायची पद्धत नाही.

मी राजेश्री. मानवतला वकिली करते. या विद्यार्थी साहाय्य मंडळाच्या घटनेत एक कलम आहे की नामंजूर अर्जावर अपील करता येतं आणि ते ऐकायला बाहेरचा एक जण बसलाच पाहिजे. हे कलम घालणारा शहाणा माणूस कधीच देवाघरी गेला. मागं उरलेल्यांनी बाहेरचा म्हणून मला धरलं, कारण बाईमाणूस आहे, सही करील, चहा घेईल आणि जाईल असा त्यांचा हिशेब.

आता मंडळी बघा. अध्यक्ष दिनकरराव, कापसाच्या जिनिंगचे मालक. यांना सत्काराचा नाद. कुणाचं पोरगं पास झालं की हे शाल, नारळ आणि फोटोवाला घेऊन दारात हजर. म्हैस व्याली तरी सत्कार करतील, फक्त फोटोत म्हशीपेक्षा हे मोठे दिसले पाहिजेत. सचिव बन्सीधर, यांना मान हलवण्यापुरतीच दिलेली. आणि भागवत. तपासनीस म्हणे! दिनकररावांच्या गाडीचं दार उघडणं हीच त्याची खरी नोकरी.

शिवरंजनीला छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपीला जागा लागली होती. तिच्या वडिलांचं, नागप्पांचं, पाथरीच्या अलीकडच्या खेड्यात किराणा दुकान होतं. मोटारसायकलवरून पडून ते कमरेखाली लुळे झाले आणि कितीतरी वर्षं बाजेवर राहिले. या पोरीनं त्यांचे पाय रगडले, भिंतीला धरून त्यांना उभं केलं. वडील गेले, पण ही विद्या शिकायचीच हे तिच्या मनानं घेतलं. दुकान बुडालेलं, म्हणून बँकेनं दारातूनच परतवलं. उरलं ते हे मंडळ. आठवडा संपायच्या आत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

अपिलाच्या पहिल्या बैठकीत भागवत छाती काढून बोलला. सकाळी लवकर गेलो, बाई अंगण झाडत होत्या, आंघोळ व्हायची होती. निळं दार, आत बसवेश्वरांची तसबीर, खिडकीशी शिलाई मशीन. हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, तिचा एक हात तारेनं बांधलेला.

"मी म्हनलं, बाई, खुर्ची बदला, कुनाचे तरी कपडे फाटतील. त्या हसल्या. चहा टाकला, आमी दोघांनी बसून घेतला. मंग लग्नाचं बोलल्या," असं त्यानं सांगितलं.

मी त्याला एवढंच विचारलं की त्या घरी आधी कधी गेला होतास का. तो म्हणाला की घर सोडा, त्या गावातसुद्धा पहिल्यांदाच गेलो, म्हणून तर माझं सांगणं निःपक्षपाती.

सिद्धम्मा, म्हणजे आई, दाराशी उभ्या होत्या. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. घराचं वर्णन, म्हणजे दार, तसबीर, मशीन, बरोबर आहे का, असं मी विचारलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या की हो, बरोबर आहे.

दिनकररावांनी मोठ्या मनानं उसासा टाकला. पोरीच्या चुलत्याचा दबाव असेल, म्हणाले, हे लोक असेच. पण आई बोलली ते बोलली. मी बैठक पुढं ढकलायला लावली, तेव्हा सगळ्यांची तोंडं कडू झाली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाथरीच्या जीपमध्ये बसून मी त्या गावात उतरले. निळं दार, तसबीर, मशीन, सगळं जागच्या जागी. भागवत इथं आला नसेल तर त्याला दिव्यदृष्टी असली पाहिजे, आणि भागवतला साधी दृष्टी आहे की नाही याचीच मला शंका होती.

सिद्धम्मा अंगण झाडत होत्या. मला बघून गडबडीनं आत गेल्या आणि चहा टाकला. एकच कप पुढं आला. तुम्ही घ्या ना, म्हटलं, तर हसून मान हलवली. आंघोळ झाली नव्हती, गळ्यातल्या लिंगाची पूजा व्हायची होती.

"पूजा झाल्याबिगर पानी बी घेत न्हाई, ताई. न्हानपनापासून तसंच हाय. हे गेले त्या दिशी बी पूजा करूनच घोट घेतला," त्या म्हणाल्या.

माझे गुडघे बोलायला लागले होते. खाली सतरंजी अंथरलेली, पण एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागतात. मी खुर्ची मागितली.

सिद्धम्मा आणि शिवरंजनी एकमेकींकडं बघायला लागल्या. खुर्ची घरात नव्हतीच. शिवरंजनी म्हणाली की कुणी मोठं माणूस आलं तर शेजारच्या बायनाबाईंची आणतो, पण त्यांच्या दाराला कुलूप आहे, बहिणीकडं येलदरीला गेल्यात. खुर्ची कुठल्या रंगाची, असं मी विचारलं. हिरवी, असं ती म्हणाली.

खुर्ची शेजारची असेल तर ती कुणीतरी आलं म्हणूनच या घरात आली असणार. म्हणजे सोमवारी इथं पाहुणा आला होता आणि ही पूजेआधी पाणी न पिणारी बाई माझ्या तोंडावर खोटं बोलत होती.

मी उंबऱ्यावरच बसले. शिवरंजनी भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला विचारलं नाही की काय होईल. कॉलेजचा फोन आला होता, जागा ठेवू का सोडू असं विचारायला लागलेत, एवढंच ती म्हणाली आणि मशीनवरची चिंधी घडी घालत राहिली.

३

चुलता शिवकुमार मला देवळाच्या ओट्यावर सापडला. तंबाखू मळत होता. पुतणीचं नाव काढल्याबरोबर त्यानं मला अर्धा तास ज्ञान दिलं. पोरी शिकल्या की बिघडतात, मालिश करायला कॉलेज कशाला पाहिजे, लातूरकडचं एक स्थळ आहे, मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे. स्वतः हा माणूस दहावीला दोनदा आपटलेला. भावाचं बुडतं दुकान सावरायला कधी हात पुढं आला नाही, सल्ले मात्र पोत्यानं.

मी सरळ विचारलं की भागवतला तू काही शिकवलंस का. त्याला रागच आला.

"मी इरोधात हाय ते चारचौघात सांगतो. सत्काराच्या दिशी दिनकररावासमोर बी सांगितलं की आता लग्नाचं बघायचं. लपून कशाला सांगू? मी काय भितो का कुनाला?"

माणूस तिरस्कार करण्यासारखा होता, यात वाद नाही. पण तिरस्कार करण्यासारखा असणं आणि गुन्हेगार असणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि मंडळातल्या शहाण्यांना एवढासुद्धा फरक कळत नव्हता. एक मात्र मी मनात टिपून ठेवलं. लग्नाची गोष्ट त्या सत्काराच्या दिवशी उघड बोलली गेली होती. दिनकरराव पोरीच्या बारावीच्या मार्कांबद्दल शाल घेऊन गावात आले होते, तो दिवस.

४

मानवतला परत आले ती सरळ बन्सीधरांच्या दुकानात गेले. संशय घ्यायला यांच्याइतकी चांगली जागा नव्हती. प्रतीक्षा यादीत शिवरंजनीच्या खाली यांच्या मेहुण्याची मुलगी, निकिता. वरची बाद झाली की खालची आत. असली चोरी आमच्याकडं चोरीत धरत नाहीत, तिला नातं सांभाळणं म्हणतात.

बन्सीधर कापडाचा तागा उलगडत बसले आणि माझ्याकडं बघेचनात. ते गाव आपण पाहिलेलंसुद्धा नाही, एवढं आधीच सांगून टाकलं. मी निकिताचं अभिनंदन केलं. ते चपापले. कशाचं अभिनंदन, असं विचारायला लागले. कर्ज मिळालं ना आता, म्हटलं.

"न्हाई मिळालं. यादी थांबलीय सध्या," एवढं बोलून त्यांनी आपण काही बोललोच नाही असा चेहरा केला आणि नोकराला पाणी आणायला सांगितलं.

मी दुकानाबाहेर आले. समोरच्या खांबावर दिनकररावांचं बॅनर होतं, चौकात दुसरं, बसस्टँडवर तिसरं. गुणवंतांचा भव्य सत्कार सोहळा, मंगल कार्यालय, स्नेहभोजन. महिना उलटला तरी उतरवलेलं नव्हतं. त्यात गुणवंत पोरांचे चेहरे बटाट्याएवढे आणि साहेब पुरुषभर. शिवरंजनीसुद्धा कोपऱ्यात होती, खांद्यावर गावातल्या सत्काराची ती केशरी शाल, घडीसकट.

वरची बाद झाली आणि खालचीलाही मिळालं नाही. मग त्या पोरीचं नाव कापून कमावलं कुणी? घरी येऊन भाकरी खातानासुद्धा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

५

बायनाबाई येलदरीहून परतल्याचा निरोप शिवरंजनीनं पाठवला आणि मी पुन्हा जीप पकडली. ही बाई बोलायला लागली की समोरच्याला हुंकार द्यायलाही सवड मिळत नाही. बहिणीकडचे मासे, धरणाचं पाणी, जावयाचा नाकर्तेपणा, सगळं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची बघायला मागितली.

तिनं आतून खुर्ची आणली. हिरवीच होती. पण तिला उजव्या बाजूला हात नव्हताच, नुसतं खुंट. तार नाही, काही नाही.

मी विचारलं की तारेनं बांधलेला हात कुठं गेला. बायनाबाईचा चेहरा पडला. तार तिनंच बांधली होती. पण सत्काराच्या दिवशी सिद्धम्मांनी खुर्ची नेली, दुपारी पाव्हणा बसला, उठताना त्याचा झब्बा तारेत अडकला. झब्बा फाटला, खुर्चीचा हात कडकन मोडला आणि वर हिलाच बोलणी बसली.

"तवापासून खुर्ची कुनाला दिली न्हाई. सिद्धम्मालाबी न्हाई. आनि श्रावन लागल्यापासून मी येलदरीलाच व्हते, किल्ली माझ्या कमरंला," ती म्हणाली.

मी उठले आणि सिद्धम्मांच्या घरी गेले. उद्या बैठकीला या म्हटलं, आणि येताना ती सत्काराची शाल घेऊन या. अंगावर घेऊन या म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर राहील, असं माझ्या मनात होतं. त्या का म्हणून विचारत बसल्या नाहीत.

६

बैठक दुपारी भरली. दिनकरराव घड्याळ बघत होते, त्यांना कुठंतरी दुसऱ्या सत्काराला जायचं होतं. सिद्धम्मा आणि शिवरंजनी दाराशी उभ्या राहिल्या. मी उठून दोन खुर्च्या ओढल्या आणि त्यांना बसवलं. मग भागवतला म्हटलं की सोमवारचा चहा पुन्हा एकदा सांग.

त्यानं सांगितला. बाईंची आंघोळ व्हायची होती, दोघांनी बसून घेतला. पोपट बरा, तो निदान मधे शिट्टी वाजवतो.

मी म्हटलं, या बाई लिंगायत आहेत. पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा घेतलं नाही. आणि श्रावणी सोमवारी, आंघोळीच्या आधी, परक्या पुरुषासमोर बसून तुझ्याबरोबर चहा प्यायल्या? आयुष्य या जिल्ह्यात गेलं, शेजारीपाजारी लिंगायतांची घरं, आणि तुला एवढं माहीत नाही? तू सोमवारी त्या घरात गेलाच नाहीस.

भागवतनं उत्तर देण्याआधी दिनकररावांकडं बघितलं. मला तेवढंच बघायचं होतं.

मग घराचं वर्णन बरोबर कसं, असं बन्सीधर पुटपुटले. पहिल्यांदाच त्यांनी कामाचा प्रश्न विचारला. कारण कुणीतरी भागवतला ते सांगितलं, मी म्हटलं. तो आधी त्या गावातसुद्धा गेला नव्हता, हे त्याचंच सांगणं. तो कोण, ते खुर्ची सांगते. तारेनं बांधलेल्या हाताची खुर्ची त्या घरची नाहीच, शेजारची आहे. चुलत्यानं शिकवलं असतं तर त्यानं ती सांगितली नसती, भावाच्या घरात खुर्ची नाही हे त्याला ठाऊक आहे. बन्सीधर, तुम्ही ते गाव पाहिलेलं नाही. आणि सोमवारी तसली खुर्ची जगातच नव्हती. तिचा हात श्रावण लागायच्या आधीच मोडला, गावातल्या सत्काराच्या दिवशी. ती तारेसकट त्या घरात एकाच दुपारी होती आणि त्या दुपारी तिच्यात एकच माणूस बसला. दिनकरराव, झब्बा रफू करून घेतला का?

दिनकररावांचा हात आपोआप झब्ब्याच्या काठाकडं गेला आणि मधेच थांबला.

मग त्यांना कंठ फुटला. मी त्या पोरीचा सत्कार केलाय, म्हणाले, तिचं वाईट मी कशाला करीन? ही तोहमत आहे, बेइमानी आहे. मी म्हटलं, ठीक. अपील आत्ता मंजूर करू. बन्सीधर, चेकबुक काढा.

बन्सीधरांनी चेकबुक काढलं नाही. त्यांनी जमिनीकडं बघितलं, मग दिनकररावांकडं, मग परत जमिनीकडं.

"खात्यात काय न्हाई, ताई. सगळं सोहळ्याला गेलं. मंडप, जेवन, बॅनर. साहेब म्हनले, कुनाचं तरी नाव काढा, वर्ष निभावून न्या," ते म्हणाले.

तर असं होतं ते! पोरांना द्यायचे पैसे पोरांच्याच सत्काराला उडवले. कर्ज द्यायची वेळ आली तेव्हा पेटी रिकामी, आणि ते कबूल करायला लाज वाटते, म्हणून जी बाई तोंड उघडणार नाही असं वाटलं तिच्या तोंडी वाक्य घातलं. लग्नाचं निमित्त चुलत्यानं आयतंच पुरवलं होतं. खुर्चीची तार झब्ब्यानं लक्षात ठेवली होती, ती भागवतला सांगताना तोंडातून निसटली, हात मोडल्याचं मात्र सांगायचं राहून गेलं. चहा तेवढा भागवतच्या पदरचा. भाड्याचा माणूससुद्धा यांना धड मिळाला नाही.

मी धर्मादाय आयुक्तांचं नाव काढलं. दिनकररावांचा रंग बदलला आणि लगेच आवाजही बदलला. मी स्वतःच्या खिशातून देतो, म्हणाले, त्यात काय एवढं. इभ्रतीपुढं पैसा काय चीज आहे? पुढच्या आठवड्यात छोटासा कार्यक्रम घेऊ, दोन शब्द बोलू, फोटोवाला आपला आहेच. चेक तिथं देऊ, शोभेल असा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फी आठवड्याच्या आत भरायची होती हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिद्धम्मा उठल्या. शाल त्यांनी अंगावर घेतलीच नव्हती. पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली. घडी मोडलेली नव्हती, कंपनीचा कागद अजून आत होता.

"साहेब, ही तुमची तुमाला. आमाला सत्कार नगं, कर्ज द्या. कर्ज पोरगी फेडंल. सत्कार कसा फेडायचा?" त्या म्हणाल्या.

शिवरंजनीनं आईकडं बघितलं. एवढी मोठी वाक्यं तिनंही कधी ऐकली नसावीत.

दिनकररावांनी स्वतःचं चेकबुक गाडीतून मागवलं. भागवत पळत गेला आणि पळत आला. शिवरंजनीनं चेक दोनदा वाचला, ओढणीच्या टोकात धरला आणि कॉलेजला फोन लावायला बाहेर गेली. जागा ठेवा, असं ती बोलली ते आम्हाला आतपर्यंत ऐकू आलं.

आता सारं गोड झालं, चहा घेऊ, असं दिनकरराव म्हणाले. असल्या माणसांचं सारं लगेच गोड होतं. भागवतनं ट्रे आणला, सगळ्यांना दिला आणि एक कप सिद्धम्मांच्या पुढं ठेवून आदबीनं बाजूला उभा राहिला. सिद्धम्मांनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि पोरीच्या मागं निघाल्या. कपाला त्यांनी हात लावला नाही. पूजा त्यांची सकाळीच झाली होती.